ठरावाने सरकवलेला किनारा

नाही देवदत्तकाका, माईक मागू नका. पाच मिनिटं तुम्हीच दिलीत. "दोन गोड शब्द बोल आणि खाली बस" असं आत्ता कानात सांगितलंत, पण गोड शब्द सुलक्षणाताईंनी संपवलेत. माझ्या वाट्याला जे उरलंय ते मी बोलणार.

तर, सन्माननीय अध्यक्ष देवदत्तकाका, प्रमुख पाहुणे आणि फुजैराचे यशस्वी उद्योजक वसंतराव, मंडळाच्या सचिव सुलक्षणाताई, जेवणाचा काउंटर कधी उघडतोय याकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना माझं एक अक्षर कळत नाहीये त्या आमच्या मार्लीन मॅम. मी मिहिका. याच आखाती शहरात, अल मनखूलमध्ये वाढले, आणि मला इंग्रजीत चार ओळी नीट लिहिता येतात त्या मॅमच्या शिकवणीमुळे. तुमच्यापैकी अर्ध्यांच्या मुलांचंही तेच आहे.

मॅम मॉर्मन आहेत, अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाच्या. आपल्या मंडळात याचा अर्थ एवढाच, की त्यांना चहा विचारायचा नाही. त्यांच्या धर्मग्रंथात एक गोष्ट आहे. जेरुसलेमहून एक कुटुंब निघतं, तांबड्या समुद्राच्या कडेकडेने खाली येतं, मग पूर्वेला वळून वाळवंट तुडवत एका हिरव्या किनाऱ्यावर पोचतं. तिथे फळं, मध, लाकूड, डोंगरात हत्यारांसाठी धातू. तिथे ते जहाज बांधतात आणि थेट अमेरिका गाठतात. इतिहासकार म्हणतात, यातलं काही घडलेलंच नाही. मलाही तसंच वाटतं. पण प्रश्न माझ्या वाटण्याचा नाहीये. मॅमनी इतक्या वर्षांत आपल्याकडे एकच गोष्ट मागितली: कायमचं अमेरिकेला परत जायच्या आधी त्या किनाऱ्यावर एकदा उभं राहायचंय.

मग आपण काय केलं? मीटिंग बोलावली!

तो किनारा कुठे, यावर जगात भांडणं आहेत. बरेचसे अभ्यासक ओमानमधल्या सलालाहकडे बोट दाखवतात. तिथेही दोन खाड्या आणि दोन गट. एक गट दुसऱ्याच्या खाडीला डबकं म्हणतो. पुढे अमेरिकेत तर विचारूच नका. ते लोक पुढे ज्या चिंचोळ्या भूमीपाशी वसले ती मध्य अमेरिकेत की उत्तरेच्या मोठ्या तळ्यांपाशी, यावरून मॅमचे मिस्टर आणि दीर शेवटपर्यंत एका टेबलावर जेवले नाहीत. आधी नकाशा काढायचा, मग त्यात देव बसवायचा. हसू येतं ना? थांबा, तुमचा पराक्रम त्याहून मोठा आहे.

सुलक्षणाताई म्हणाल्या, "सलालाह लांब पडतं गं, व्हिसा, मुलांच्या परीक्षा. फुजैराला वसंतरावांचं गेस्ट हाऊस आहे, स्विमिंग पूलसकट." वसंतराव म्हणाले, "समुद्र तोच की! पाणी काय वेगळं आहे?" आणि काकांनी ठराव मांडला. तो हिरवा किनारा फुजैराला होता असा ठराव, साहेब! सूचक देवदत्तकाका, अनुमोदक वसंतराव, हात वर, संमत. दोन हजार सहाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आपल्या पिकनिक कमिटीने हजारेक किलोमीटर वर सरकवली आणि मग वडापावची ऑर्डर दिली.

मी विचारलं, "काका, ग्रंथात पूर्वेला वळले असं आहे. फुजैरा पार उत्तरेला येतं." काका म्हणाले, "थोडं डावीकडे गेले असतील. जीपीएस होतं का तेव्हा?" मग त्यांचं प्रेझेंटेशन. डोंगर आहे, म्हणजे हत्यारांना धातू होता. वाड्यांत आंबे आहेत, म्हणजे फळं होती. आणि शेवटची स्लाइड, तेल भरायला रांगेत उभे असलेले टँकर: "आजही इथे जहाजं आहेत, यापेक्षा मोठा पुरावा कोणता?" तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शिकलेली माणसं तुम्ही. एकेकाच्या व्हिजिटिंग कार्डावर डिग्र्या मावत नाहीत.

'हाच तो किनारा' असं तुम्ही सांगितलंत आणि मॅम तिथे बूट काढून उभ्या राहिल्या. रडल्या. मागे पूलमध्ये तुमची अंताक्षरी चालली होती. मी ताईंना म्हटलं, हे बरोबर नाही, त्यांना खरं सांगू या. ताई काय म्हणाल्या? "अगं, तिला काय कळतंय! खूश आहे ना? खलास."

नाही ताई, खलास नाही. त्या टेबलावर भेट द्यायची नकाशाची फ्रेम झाकून ठेवलीये ना, ज्यात फुजैरावर लाल ठिपका आहे आणि खाली मंडळाचा शिक्का, ती मॅम घरी नेऊन भिंतीवर लावणार होत्या. ज्या लोकांनी आयुष्यभर या नकाशांवरून डोकी फोडलीत, ते लोक ती बघायला येणार होते. आणि हसणार कोणाला होते? तुम्हाला नाही. तुम्हाला तिथे ओळखतं कोण!

म्हणून दुपारी मी सिलिकॉन ओएसिसला त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं. त्या बराच वेळ बॅगेची चेन लावत बसल्या. लागत नव्हती. मग म्हणाल्या, "मिहिका, डिड दे थिंक आय वुडन्ट माइंड?" याचं उत्तर तुमच्यापैकी कोणाला येतंय का बघा, पण आत्ता नको.

मी त्यांना हेही सांगितलं की सलालाहला दोन खाड्या आहेत आणि खरी कोणती, किंवा एकतरी खरी आहे का, हे कोणालाच माहीत नाही. त्या म्हणाल्या, "देन सम्बडी शुड टेल मी दॅट, ऑन द बीच." तेवढंच हवं होतं त्यांना. किनाऱ्यावर सोबत उभं राहून "माहीत नाही" म्हणणारं एक माणूस. एवढ्या मोठ्या मंडळात ते निघालं नाही.

त्यांनी अमेरिकेचं तिकीट पुढे ढकललंय. सलालाहचं विमान आजच आहे आणि खाली टॅक्सी उभी आहे.

आपण मला व्यासपीठ दिलंत, मनापासून आभार. हॉल, साउंड सिस्टीम, केटरर, सगळ्यांचे आभार. लहान तोंडाने मोठ्यांचा अपमान झाला असेल, तर तो झालाच आहे, आणि त्याबद्दल क्षमा करायची की नाही हे तुम्ही सावकाश बघा. काका, उठू नका. उत्तराचं भाषण राहू द्या, ऐकायला आम्ही नसू.

मॅम, कम. बॅग मी घेते. नाही नाही, शाल असू द्या खांद्यावर, समुद्रावर वारा असतो.