बर्फाखालचं तेल

१९८२ साली पंचवटीतल्या रेशन दुकानापुढे माणसांपेक्षा डबेच जास्त होते, आणि रॉकेलचं पिंप आलं होतं एकच. मास्तर आणि पोस्टमन देवराम यांच्या मागे उभी चिमणाबाई कान देऊन ऐकत होती.

"मास्तर, दक्षिण ध्रुवावर बर्फाखाली तेल आहे म्हणतात. यंदा आपल्या लोकांनीही तिथे झेंडा रोवला."

"अहो, सात देश कधीचे जागा धरून बसलेत!"

"पण राहतं कोण तिथे?"

"चिटपाखरूसुद्धा नाही. नुसते झेंडे."

"तेल निघालं की जुंपणार मग."

"जुंपेलच! झेंडा रोवून घरी जाऊन झोपायचं आणि म्हणायचं, जागा माझी. काही लाज?"

चिमणाबाईला राहवेना. "मास्तर, म्होरले तीन डबे कोणाचे वो? जवळ माणूस नाय कोणी."

"तिन्ही माझे. पहाटेच ठेवून गेलो होतो. हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"