पाचशे शब्दांत आई

मुलगी : आणि हे ऐका, "लहानपणापासून मला नेतृत्वाची आवड आहे." बाबा, हे वाचून क्लासचे सर काय म्हणाले माहितीये? म्हणाले, हा निबंध कोणाच्याही नावावर खपेल. तुझं नाव खोडून शेजारच्या मुलाचं घाल, काही बिघडणार नाही.

बाबा : शेजारच्याला अंथरुणातून उठायची आवड नाही, नेतृत्वाची कुठली?

मुलगी : हसू नका हो. आज संध्याकाळी अर्ज बंद होतायत. मी अख्खा निबंध नव्याने लिहिलाय. सरांना फोनवर वाचून दाखवला, त्यांना आवडला. म्हणाले, बिझनेस स्कूलवाल्यांना हेच हवं असतं. पण पाठवायच्या आधी तुम्ही ऐकायला हवा.

बाबा : दे इकडे, वाचतो.

मुलगी : तुम्ही अक्षराला अक्षर जुळवत बसाल आणि तिकडे दार बंद होईल. मीच वाचते.

बाबा : वाच बाई. थांब, खुर्चीत तुझ्या आईची मान कलंडली. ती उशी दे जरा. हां. लागला वाटतं डोळा.

मुलगी : प्रश्न असा आहे : तुम्ही घेतलेला एखादा अवघड निर्णय सांगा, आणि बाकीच्यांना बरोबर कसं नेलंत तेही सांगा.

बाबा : मग आपण बेकरीत लाकडाची भट्टी काढून गॅसची आणली, ते लिहिलं असशील.

मुलगी : ती तुम्ही आणलीत. सर म्हणतात, स्वतः केलेलं लिही. जे सांगायला जड जातं, तिथूनच सुरू कर.

बाबा : म्हणजे काय लिहिलंस?

मुलगी : आईचं लिहिलंय. चाव्या काढून घेतल्या ते.

बाबा : इथे नको वाचूस. आत चल.

मुलगी : आणि हिला एकटं सोडायचं? काल बटाटा समजून साबण चिरत होती. बाबा, तिला कळणार आहे का काही? सकाळी मलाच विचारत होती, "ताई, पाव संपले का हो?" ताई! पोटच्या पोरीला!

बाबा : बरं. हळू वाच.

मुलगी : "आमची बेकरी माझ्या आईने उभी केली. पहाटेचं पीठ तीच मळायची. मीठ तिने कधी मोजून घातलं नाही. मुठीत घेतलं की तिला अंदाज यायचा. गेल्या वर्षी तो अंदाज चुकू लागला. कधी मीठ राहायचं, कधी दोनदा पडायचं. गिऱ्हाईकं कुरकुरू लागली. ती अंघोळीला गेली की मी पीठ चाखून बघायचे आणि बिघडलेलं असलं तर फेकून नवं मळायचे."

बाबा : फेकायचीस? मला तर म्हणालीस, गिरणीवाला जुनं पीठ गळ्यात मारतोय.

मुलगी : तुम्ही बोललात का त्याला काही?

बाबा : बोललो? चांगला तासभर भांडलो! अजून तोंड फिरवतो तो मला बघून.

मुलगी : जाईन मी माफी मागायला. पुढे ऐका. "एक दिवस तिने भट्टीचा गॅस सोडला आणि पेटवायचं विसरली. आत कारागीर काम करत होते. त्याच दिवशी मी निर्णय घेतला. तिच्या कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून घेतला. तिला सांगितलं, भट्टी दुरुस्तीला काढलीये, नीट झाली की चाव्या परत देते. मग कारागिरांना बसवून कामं वाटून दिली, मिठाचं माप ठरवलं. सहा महिन्यांत तुटलेली गिऱ्हाईकं परत आली. यातून मी शिकले, की कोणतीही संस्था एका व्यक्तीवर अवलंबून राहता कामा नये."

बाबा : एका व्यक्तीवर.

मुलगी : ते वाक्य सरांनी सुचवलंय.

बाबा : छान आहे. दणदणीत आहे. घेतील तुला.

मुलगी : मग आवाज का असा?

बाबा : काही नाही. वरच्या ओळीत तिचं डोकं गेलं आणि खालच्या ओळीत धंदा सुधारला. ऐकायला कसं सुटसुटीत वाटतं.

मुलगी : पाचशेच शब्द चालतात, बाबा! आधी पुष्कळ लिहिलं होतं. ती दाराशी बसून राहायची ते होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, तुम्ही भट्टी नीट करणारे का हो, ते होतं. सर म्हणाले, त्याने गोष्ट रेंगाळते.

बाबा : रेंगाळलीच होती की.

मुलगी : मला जायचंय इथून. ती माझ्याकडे परक्यासारखी बघते, रोज बघते. मला नाही सोसत. आणि मला जायला दुसरं काही नाहीये सांगण्यासारखं. हेच एक आहे.

बाबा : जा, पोरी. मी नको म्हटलं का?

(आई खुर्चीत सरळ होऊन बसते.)

आई : थांबलीस का गं वाचायची?

मुलगी : आई! तू जागी आहेस?

आई : छान वाचतेस. कुठली बेकरी म्हणालीस?

बाबा : आहे एक. लांबची.

आई : मीठ दोनदा! नावच बुडालं असेल. आणि गॅस सोडून विसरायचं? आतली माणसं होरपळली असती की.

मुलगी : हो.

आई : पोरीने बरोबर केलं. मीही तेच केलं असतं. धंदा म्हणजे काय भातुकली आहे?

मुलगी : खरंच असं वाटतं तुला?

आई : पण ते भट्टीचं खोटं कशाला सांगितलं?

मुलगी : तिला लागू नये म्हणून.

आई : अगं, त्या भट्टीपुढे आयुष्य काढलेली बाई ती. समोर बसवायचं आणि सांगायचं, आता तुझा हात चालत नाही. रडली असती, चार शिव्या घातल्या असत्या. आणि चाव्या दिल्या असत्या काढून आपल्या हाताने. पण पोरगी घाबरली असेल, नाही?

मुलगी : खूप घाबरली होती.

आई : तिला तरी कोण होतं विचारायला? ज्या आईला विचारायचं, तीच तशी झालेली. बरं, पुढे काय झालं?

मुलगी : गिऱ्हाईकं परत आली.

आई : गिऱ्हाईकांचं कोण विचारतंय? त्या बाईचं काय झालं?

मुलगी : ते यात नाही.

आई : नाही? असं मध्येच सोडतात का कोणी? लिही ना.

मुलगी : जागा संपली, आई.

आई : मग ते शेवटचं संस्था का फिंस्था काढून टाक. ते वाचताना तुझा आवाजही कसा पाठ केल्यासारखा येत होता.

बाबा : सरांना काय सांगशील?

मुलगी : सांगेन काहीतरी. काढलं, आई. हे बघ, काढून टाकलं. आता काय लिहू तिचं? तूच सांग. काय वाटत असेल तिला?

आई : मला गं काय ठाऊक? ओळख तुझी आहे. जाऊन तिलाच विचार.