दुसऱ्या खाटेचा घोडा

भिसेगावला रॉकेलच्या रांगेत सोनुबाईच्या पुढे दोघी बायका उभ्या होत्या. एकीच्या कडेवर पोर पेंगत होती. डबा पायाशी ठेवून सोनुबाईने कान तिकडे लावले.

“द्वारका, उद्या नानाभाऊजी पुतणीला बघायला येतायत. आणि तू दुसरी खाट कापलीस.”

“कापली काय उमा, घोडा केला. बेबीलाच डुलता घोडा हवा होता.”

“दोघी कुठे झोपता, असं विचारलं म्हणजे?”

“मी घोड्यावर झोपते म्हणून सांग.”

“हसू नकोस. संशय आला तर आमच्या घराण्याचं लेकरू म्हणून बेबीला घेऊन जातील.”

“नेऊन बघू देत. तिला झोपायला आपण दोघी लागतो.”

“हेच ती त्यांना सांगेल.”

“मग उद्यापुरती एकीलाच आई म्हण, असं शिकवू.”

“कोणाला म्हणू, असं विचारेल ती.”

सोनुबाईला राहवेना.

“बाय, माझी खाट न्या उद्यापुरती.”

दोघी वळल्या.

“आजी, तुम्ही ऐकत होता?”

“रांगेत येताना कान काय घरी ठेवू? पन खाट चारी पायांवर परत पायजे. हिच्या हातात करवत देऊ नको.”

“आणि तुम्ही कुठे झोपाल?”

“माझं सोड. वर गोधडी टाकशील ती चुरगाळून ठेव. कोनी न झोपलेली खाट पावण्याला लगेच कळते.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“माझ्यासंगं मोतीबाय राहते ना. रोज सकाळी उठली की पयली माझ्या खाटेवरली गोधडी चुरगाळते. चल, रांग पुढं सरकली.”