फोनवरच्या दोन दीपमाला

...अन् लोकं मलेच म्हणतात, प्रेमानंद, तुह्या डोक्यावर परिणाम झाला! अरे, तुमची बायको गेली काय सीमा दलाच्या ट्रेनिंगले? माही गेली! आमच्या उंद्रीतून पयली बाई, हार घातले, बँजो लावला, मी सोता नाचलो... अन् आता फोन वाजला का पयले वार पाहतो. आवाज तिचाच हो, तुम्हाले सांगतो, आवाज तिचाच!

झालं काय, तिकडं मोबाईल जमा करून घेतात. कपाटात, कुलूपबंद! फक्त रविवारी हातात देतात, तेबी थोडा वेळ. पयल्या रविवारी फोन आला, म्हटलं आता दीपमाला रडन, मंग मीबी रडतो. तं तिकडून, 'जय हिंद, श्रीमान!' अवं, श्रीमान कोण? मी तुहा नवरा हावो! घरी जय भीम म्हटल्याशिवाय फोन न उचलणारी बाई! म्हटलं, जेवली काय? 'जी श्रीमान!' झोप लागते काय? 'जी श्रीमान!' माही आठवण येते काय?... म्हटलं आता हाव म्हणन. 'जी श्रीमान!' मागून शिट्टी वाजली, फोन कट. आवाज तिचाच, पण बाई कोणाची?

मंग बुधवारी भरदुपारी फोन वाजला. तिचाच नंबर. 'जय भीम... जेवले काय हो?' हळूच, चुलीपाशी बोलत जाय तशी. डोळ्यात पाणीच आलं माह्या! आज कसा काय भेटला फोन? 'हाव... भेटला.' मी बोलतच सुटलो, कपाशीचं, आईच्या गुडघ्याचं, तुह्याबिगर घर खायले उठते, हेबी बोललो. तेवढ्यात फोनात बकरी ओरडली. तिकडं बकरी कुठून आली बे? अन् ती गप झाल्यावर... आमच्या दारातली बकरी ओरडली. जशीच्या तशी!

रविवारी हिले, जय हिंदवालीले, इचारलं. 'बुधवार को? मोबाईल तो जमा था, श्रीमान!' घ्या! मंग मी मन मोकळं केलं ते कोणापाशी?

म्हटलं परीक्षा घेऊ. लग्नाच्या दिवशी हिनं माह्या कानाची चेष्टा केली होती, आमच्या दोघांशिवाय कोणाले ठाऊक नाही. हिले इचारलं. 'बायां कान दाहिने से बडा, श्रीमान!' बरोबर! बुधवारी फेर तिचा फोन आला, तिले इचारलं. ती हसली. 'डावा मोठा हाये तुमचा... थंडीत मीच तं झाकत जाओ.' बरोबर! उलट जास्तच बरोबर! आवाज तिचाच हो, दोघींचाबी!

गेल्या हप्त्यात रविवारी हिचा हुकूम आला, 'छुट्टी मंजूर, सोमवार को पहुंचेंगे!' बुधवारी भीत भीत तिले सांगतलं, बायको येऊन राह्यली. मंग म्हणे, 'येऊ द्या ना... पण कोण बाई हाये हो ते?'

आता काय सांगू? ज्या बाईची आठवण येते ती गेलीच नाही, अन् गेली ती येऊन राह्यली! खरं सांगतो, मले दोघीबी पाहिजे. भेव एवढंच का ही आली की ती बंद होईन.

आज सकाळी आई म्हणे, 'प्रेमा, सून येते, भाकरी किती टाकू?' म्हटलं, दोघींच्या टाक. 'दुसरी कोण रे?' म्हटलं, आई, मले काय इचारतं... जी वाढायले उठन ती आपली दीपमाला, अन् जी ताटापुढं सावधानमध्ये उभी राहीन, तिच्यासंगं मले जनम काढायचा हाये!