विहिरीवरची निळी ताडपत्री

माझा जन्म दिवेआगरातलाच, वाडीतल्या घरातला. आणि काय सांगू तुम्हाला, सगळं आयुष्य मी याच विहिरीचं पाणी प्यालो, पण म्हातारा होईपर्यंत एक कळशी कधी स्वतः भरली नाही. आधी आई भरायची, मग शालिनी, म्हणजे आमची ही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि घरी आलो की पुस्तक घेऊन बसायचो.

पाच-सहा वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, विहिरीत पाला, झावळ्या, कुजका वास, तेव्हा मदतीत आलेली निळी ताडपत्री मीच विहिरीवर ताणून बांधली. मीच. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारची रंजना आमच्याच विहिरीवर पाणी भरते, ती म्हणाली, सरांचं डोकंच येगळं हाय. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

उन्हानं दोन वर्षांत ती ताडपत्री पापडासारखी झाली, बोट लावलं की चुरा. शालिनी सुती फडक्यातून पाणी गाळायची. एकदा ते फडकं घेऊन थेट माझ्या खुर्चीपाशी आली, म्हणाली, अहो, हे निळं निळं काय येतंय बघा, काढा ती ताडपत्री, त्यापेक्षा पाला परवडला. मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, अगं, प्लास्टिक पाण्यात विरघळत नाही, फडक्यावर आलं म्हणजे गाळलं गेलं, संपलं. त्यावर ती म्हणाली, पोरांना शिकवा तुम्ही, मला नका शिकवू, विहिरीवर मी असते. मी हसलो. हसलो हो. आणि ताडपत्री आणखी दोन पावसाळे तिथंच राहिली.

गेल्या वर्षी शालिनी गेली. आतड्याचं दुखणं, चार महिन्यांत सगळं आटोपलं. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी पहिल्यांदा कळशी घेऊन विहिरीवर गेलो. ताडपत्रीची कड उचलली तर ती हातातच आली. पाणी तिच्याच फडक्यातून गाळलं, गाळलेलं पाणी बाटलीत भरून शाळेत नेलं, गाळणकागदावर ओतलं, कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरला. निळे कण. फडक्यातून पार झालेले, नुसत्या डोळ्याला न दिसणारे. संपलं, असं मी जे म्हणालो होतो, ते हे.

डॉक्टरांना विचारलं, यानंच झालं का? म्हणाले, सर, असं कुणालाच सांगता येणार नाही. मग यानं झालं नाही, एवढं तरी सांगा म्हटलं, तर म्हणाले, तेही सांगता येणार नाही. माणसाला फाशी तरी द्यावी नाहीतर सोडून तरी द्यावं, होय की नाही?

ताडपत्री काढली, विहीर उपसून घेतली, पुन्हा कागद तपासला. कण कमी झाले, गेले नाहीत.

रंजनाला सांगायचं राहिलं होतं, धीरच होत नव्हता, त्यात तिच्या सुनेला मुलगी झालेली. गेल्या आठवड्यात गेलो, सगळं सांगितलं, माझ्या हातून झालं हेही सांगितलं. ती म्हणाली, सर, आता सांगून आमी काय करू? नळाला चार दिसांनी पानी, ते बी प्लास्टिकच्या टाकीतलं, इकत घेऊ तर बाटली प्लास्टिकची. आमी प्यायचं काय ते सांगा, तुमी शिकलेले ना? सुनेनं पाण्याचा पेला पुढं केला, नको म्हणायला तोंड नव्हतं, प्यालो. मग तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं, म्हणाली, आशीर्वाद द्या. मी औक्षवंत हो म्हणालो, तोवर रंजना कळशी घेऊन विहिरीकडे निघाली होती.