बसून केलेली हजामत

आता तुम्हालाही सांगायचंच का? सकाळपासून तिघांना सांगून झालं, तोंड दुखलं माझं — पण तुम्ही खुर्चीत बसल्यापासून माझ्या स्टुलाकडे असे बघताय, जसं काही मी दुकानात म्हैस आणून बांधलीय. मान सरळ ठेवा, सांगतो. गुडघ्यामागे पाणी झालंय. पुढे नाही, मागे — पाय दुमडतो ना, त्या खळगीत. लिंबाएवढी गाठ. उभं राहिलं की ताणते, बसलं की दबते, म्हणजे कशातच सुख नाही तिला, माझ्या सासूसारखी. हसू नका, हातात वस्तरा आहे.

बेचाळीस वर्षं या खुर्चीमागे उभा राहिलोय मी. म्हणून आधी लपवलंच — विजारीच्या आत पट्टा आवळायचा आणि लंगडलो की चप्पल चावते म्हणायचं. पण कळलंच, आणि मग काय, सगळी गिऱ्हाइकं डॉक्टर. एक म्हणे तेल चोळा, एक म्हणे दाबून फोडा. दाबली मी, खोटं कशाला बोलू — आतल्या आत फुटली आणि पोटरी ही एवढी सुजली. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, आजोबा, अशी सूज आली की रक्ताची गुठळी तर नाही ना, ते आधी बघावं लागतं, आठ दिवस घरी काय करत होतात? मशीनवर बघितलं, गुठळी नव्हती. गुडघा झिजलाय म्हणाली, त्यातलं पाणी मागे उतरतं, सुईने काढलं तरी पुन्हा भरेल. बर्फ लावा, व्यायाम करा, पाय वर ठेवून पडा आणि उभं राहणं कमी. मी म्हटलं, बाई, मग गिऱ्हाइकाला आडवं करून कापू का? तर म्हणे, स्टूल घ्या. डोकं आहे पोरीला.

आणलं ते धाकट्याने. माझा भाऊ — ती पलीकडची खुर्ची त्याची. मागच्या खोलीत टॉवेल धुतोय, ऐकू दे. मीच शिकवलं त्याला, पहिली दाढी त्याने माझी केली — ही हनुवटीवरची खूण बघा, तेव्हाची. मी हूं की चूं केलं नव्हतं. रक्त पुसलं आणि म्हटलं, वस्तरा आडवा धर, गाढवा. असं शिकवतात. तोंडावर.

आणि याने काय केलं? परवा पोस्टातला कारकून माझ्याकडे कापून गेला. मी मागे जाऊन पाय उशीवर टाकून पडलो. पडद्याच्या फटीतून बघतो तर कारकून परत आलेला, धाकट्याच्या खुर्चीत — कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन हाच त्याला घेऊन आला होता, त्यांच्या बोलण्यावरून कळलं. डावा कल्ला बोटभर वर गेला होता म्हणे. आता स्टुलावरून उजवी बाजू जवळून दिसते, डावीकडे मी वळतच नाही, आरशात बघून कापतो — कळतं हो मला, आंधळा नाही मी. धाकट्याने दुसरा कल्ला वर घेऊन बरोबर केला, मानेवरचे केस झटकले आणि हळूच म्हणाला, "दादाला सांगू नका."

दादाला. मी काय केलं? डोळे मिटून घेतले. थोडा घोरलोसुद्धा. पण तेव्हापासून डोक्यात एकच — याआधी किती जणांना असं कोपऱ्यावरून परत आणलं असेल? आणि मी आपला इथे बसून स्वतःला न्हावी म्हणवतोय. पाय गेला तर गेला हो. हात गेला असेल तर तसं सांगा ना मला.

झालं तुमचं. आरशात बघा. माझ्याकडे नको, कल्ल्यांकडे. सारखे आहेत? — आता तिकडे मागच्या खोलीकडे कशाला बघता, कापले मी आहेत. — डावा? वर? किती? — बरं. बसा. उजवा वर घेतो, उभा राहून घेतो. आधार नको, उठतो मी माझा. आई गं... काही नाही, तुम्ही हलू नका. हां. आता? बघा, एवढंच असतं. एक बोट दाखवलंत, मी मेलो नाही. आज पहिल्यांदा आलात तुम्ही, तरी जमलं तुम्हाला.

उठा आता, पुढचा माणूस ताटकळलाय. तो येतोय टॉवेल घेऊन, त्याच्याशी माझ्यावरून काही कुजबुजू नका, बिचारे वगैरे. तोंडावर सांगितलं नाही म्हणून माझी माफी मागायचीय त्याने. माझ्या धाकट्या भावाने.