विलायतेतल्या नटाला वन्स मोअर

चहा घ्या, आणि परीक्षकांच्या मताची मी धास्ती का घेत नाही ते ऐका. ठाण्यात हलत्या चित्रांचा खेळ आला होता. ही कला जग बदलणार, अशी माझी खात्री. कल्याणच्या एका वकिलांच्या मी मागेच लागलो, की तुमच्या अंगणात खेळ लावा. ते म्हणाले, "आधी तात्या साप्ताहिकात काय लिहितात ते पाहू." तात्या म्हणजे आमचे नाटकांचे परीक्षक.

तात्यांना मी ओढतच तंबूत नेलं. पडद्यावर एक गोरा साहेब घोड्यावरून चिखलात पडला. तात्या खूश होऊन ओरडले, "वन्स मोअर!" खेळवाल्यानं तेच चित्र पुन्हा लावलं. साहेब पुन्हा पडला. तात्यांनी त्याला आणखी एकदा पाडायला लावलं आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं, तात्या?"

"अरे, तिन्ही वेळा हुबेहूब तसाच पडला. आपले नट प्रत्येक वन्स मोअरला नवी तान घेतात. हा नुसता घोकून आलाय."

"तात्या, हे चित्र आहे. माणूस विलायतेत आहे."

"म्हणजे तो आलेलाच नाही?"

"नाही."

"आणि तरी तिकिटं विकली?"

मी वाटभर त्यांना ही कला समजावली. त्यांनी मान डोलावली, तेव्हा मला वाटलं, जिंकलो. शनिवारी परीक्षण छापून आलं: 'मुख्य नट गैरहजर असतानाही खेळ उरकण्यात आला.'

दुसऱ्याच दिवशी वकिलांचा निरोप आला. "घाई नाही. मुख्य नटांना बरं वाटलं की लावू खेळ."